बोका उभ्यानं, भाटी बसून: घरात लघवी करणाऱ्या मांजरांबद्दल

आर्वी तालुक्यातल्या एका खेड्यातून एका ताईंनी विचारलं आहे: "आमच्या घरी तीन वर्षांचा बोका आणि दोन वर्षांची भाटी आहे. आजवर दोघांनी घरात कधी घाण केली नाही. दिवाळीनंतर बोका दाराच्या चौकटीवर, तुरीच्या पोत्यांवर, कूलरवर पिचकाऱ्या मारायला लागला. महिन्याभरापासून भाटीही समोरच्या खोलीतल्या कापसाच्या ढिगात जाऊन लघवी करते. मागच्या दोन खोल्या पाडून स्लॅबचं काम सुरू आहे. लेक पहिल्या बाळंतपणाला आली आहे, आठवा महिना आहे. फिनाईल टाकून झालं, मारून झालं. सासूबाई म्हणतात, 'बोक्यानं डूख धरला, त्याले चुंगडीत घालून नदीपलीकडे सोडून द्या.' काय करावं?"

ताई, नदीपलीकडे सोडायचा विचार आधी बाजूला ठेवा. त्यानं तुमचा प्रश्न का सुटणार नाही ते पुढे सांगतो. मी तीस वर्षं विदर्भातल्या खेड्यांत गुरांवर उपचार केले. सुरुवातीला मांजर घेऊन दवाखान्यात येणारं माणूस महिनोन् महिने दिसायचं नाही. आता येतात, आणि जे येतात त्यांच्यातल्या बऱ्याच जणांचं गाऱ्हाणं तुमच्यासारखंच असतं. "डूख धरला" हे वाक्य मी इतक्या घरांतून ऐकलं आहे की त्याचं उत्तर आधी द्यायला हवं. मांजराला सूड उगवता येत नाही. तुम्ही परवा त्याला हाकललं म्हणून आज त्यानं तुरीचं पोतं भिजवलं, असा हिशेब त्याच्या डोक्यात मांडला जात नाही. तो घाबरलेला आहे, आणि घाबरलेलं मांजर लघवीनं काय करतं हे समजलं की अर्धं काम झालं.

तुमच्या लिहिण्यात एक फार मोलाची गोष्ट आहे. बोका पिचकारी मारतो आणि भाटी बसते, हे तुम्ही नेमकं पाहिलंत. बहुतेक लोक "मांजर घरात मुततं" एवढंच सांगतात आणि मला पंधरा प्रश्न विचारावे लागतात. या दोन गोष्टी दिसायला सारख्या, पण कारणं वेगळी आणि उपायही वेगळे.

बोका पिचकारी मारतो तेव्हा तो उभा असतो. पाठ भिंतीकडे किंवा पोत्याकडे, शेपूट ताठ आणि टोकाला थरथरतं, मागचे पाय जागच्या जागी तुडवल्यासारखे हलतात. वीतभर उंचीवर थोडीशी धार बसते आणि ओघळ खाली येतो. त्यानंतर तो काही झाकायला थांबत नाही, निघून जातो. त्याला लघवी लागलेली नसते. ती जागा आपली आहे हे तो वासानं लिहून ठेवत असतो. भाटीचं तसं नाही. ती ढिगात खड्डा उकरते, खाली बसते, भरपूर लघवी करते आणि वरून कापूस ओढते. तिला खरंच जायचं आहे, आणि नेहमीच्या जागी जाता येत नाही किंवा जावंसं वाटत नाही. नाहीतर मूत्राशयातच काही दुखणं आहे.

पुढे जाण्याआधी जिवाची गोष्ट सांगतो, कारण हिच्यात उशीर चालत नाही. बोका वाळूत किंवा कोपऱ्यात वारंवार जाऊन बसतो, कण्हतो, जोर करतो, थेंबभर येतं किंवा काहीच येत नाही, मागची जागा सारखी चाटतो, ओकतो, पोटाला हात लावू देत नाही, असं दिसलं तर त्याची मूत्रनळी बंद झाली आहे असं समजा. बोक्याची नळी टोकाला फार अरुंद असते. चिकट स्राव आणि खड्यांचे बारीक कण मिळून तिच्यात बुच बसतं. लघवी तुंबली की रक्तातलं पोटॅशियम चढतं आणि हृदय थांबतं. दोन-तीन दिवसांत जनावर हातचं जातं. नोकरीच्या दुसऱ्या वर्षी एका घरून निरोप आला, "बोक्याले संडास होत नाही, नुसता कुंथून राहिला." मी बोका न पाहताच जुलाबाचं औषध सुचवलं. तिसऱ्या दिवशी त्यांनी त्याला टोपल्यात घालून आणलं तेव्हा पोटात लिंबापेक्षा मोठा कडक गोळा हाताला लागत होता, आणि टेबलावरच तो गेला. त्याला बद्धकोष्ठ नव्हतं, लघवी अडकली होती. त्या दिवसापासून कुंथणारा बोका मी पाहिल्याशिवाय कोणाला काही सांगितलेलं नाही. तुमच्या बोक्यात असं काही दिसलं तर त्याच दिवशी निघा. रात्र झाली असली तरी सकाळची वाट पाहू नका.

आता त्याच्या पिचकाऱ्यांबद्दल. तीन वर्षांचा बोका, नसबंदीचं ऑपरेशन झालेलं दिसत नाही, आणि दिवाळीनंतर सुरुवात. त्यात मागच्या खोल्या पाडल्या, म्हणजे मागची बाजू उघडी पडली. मला जवळजवळ खात्री आहे की रात्री एखादा हिंडता बोका त्या उघड्या बाजूनं तुमच्या अंगणापर्यंत, कदाचित सपरीपर्यंत येतो आहे. घरातल्या माणसांना तो दिसत नाही, पण तुमच्या बोक्याला पहाटे उठल्याबरोबर त्याचा वास येतो. पिचकाऱ्या कुठे आहेत पाहा: दाराची चौकट, दारालगतची पोती, खिडकीखालचा कूलर. सगळ्या जागा बाहेरून आत यायच्या वाटेवरच्या आहेत. बाहेरच्या बोक्याच्या भीतीनं मारलेल्या पिचकाऱ्या दारं-खिडक्यांपाशी सापडतात. घरातल्या घरात दोन मांजरांचं पटत नसेल तर त्या आतल्या वाटांवर, झोपायच्या आणि खायच्या जागांजवळ सापडतात. खात्री करायची असेल तर झोपताना मागच्या उघड्या जागेत राख किंवा पीठ पातळ पसरून ठेवा आणि सकाळी पावलं पाहा.

दुसरं, संक्रांत झाली, दिवस मोठे व्हायला लागले. भाट्यांचा माज दिवसाच्या उजेडावर चालतो. आपल्याकडे त्या वर्षभर केव्हाही माजावर येऊ शकतात, पण या दिवसांत जोर असतो, आणि माजावर आलेली भाटी गाभण राहिली नाही तर दोन-तीन आठवड्यांनी पुन्हा येते. तुमच्या भाटीच्या वासावर गावातले बोके गोळा होत असतील, आणि तुमचा बोका प्रत्येकाला घराच्या भिंतीवरून उत्तर देत असेल.

याला पहिला उपाय ऑपरेशन. हे मी हातचं राखून सांगत नाही. ज्या बोक्याचं ऑपरेशन झालेलं नाही त्याच्या पिचकाऱ्यांवर दुसरं काही करत बसणं म्हणजे गळकं टाकं भरत राहणं. कॅलिफोर्निया विद्यापीठातले पशुवैद्य बेंजामिन हार्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यानं १९७३ साली वयात आलेल्या बोक्यांवर हेच तपासलं. दहातल्या आठ-नऊ बोक्यांच्या पिचकाऱ्या ऑपरेशननंतर थांबल्या किंवा खूप कमी झाल्या. बहुतेकांच्या लगेच, काहींच्या हळूहळू. म्हणून "आता तीन वर्षांचा झाला, आता काय उपयोग" असं मनात आणू नका. बोक्याच्या लघवीचा तो उग्र, नाकात बसणारा वास येतो फेलिनीन नावाच्या गंधकयुक्त द्रव्यापासून. ते नरपणाच्या संप्रेरकावर अवलंबून असतं, म्हणून ऑपरेशननंतर काही आठवड्यांत वासही निवळतो. भाटीचंही करून घ्या. पिल्लांचा प्रश्न तर सुटेलच, पण दारात बोके जमणंही थांबेल. फक्त ती आत्ता गाभण नाही ना, हे आधी तपासून घ्या.

कुठे करायचं? जिल्ह्याच्या पशुवैद्यकीय सर्वचिकित्सालयात आधी विचारा. तिथे मांजरांची भूल देण्याची सोय नसेल तर नागपूरचं पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे. ते १९५८ पासून सुरू आहे, तिथल्या रुग्णालयात कुत्र्या-मांजरांची शस्त्रक्रिया रोजची. पश्चिम विदर्भातल्या वाचकांना अकोल्याची स्नातकोत्तर पशुवैद्यक संस्था जवळ पडेल. मांजराची भूल हे नाजूक काम आहे. ज्यांचा हात मांजरांवर बसलेला आहे त्यांच्याकडेच जा. आणि गेलाच आहात तर रेबीजची लस त्याच फेरीत टोचून घ्या.

ऑपरेशन होईपर्यंत आणि झाल्यावरही बाहेरच्या बोक्याची वाट बंद करणं तुमच्या हातात आहे. मागच्या उघड्या बाजूला ताडपत्री किंवा पऱ्हाटीचा कूड उभा करा. रात्री उरलंसुरलं अन्न, कोंबड्यांचं खाणं, दुधाचं भांडं बाहेर ठेवू नका. तो तुमच्या बोक्याशी भांडायला येत नाही, खायला आणि भाटीसाठी येतो. खिडकीच्या खालच्या अर्ध्या भागाला जुनं लुगडं किंवा जाड कापड लावलं की आतल्या बोक्याला बाहेरचा दिसत नाही. एवढ्यानं अनेक घरांत पिचकाऱ्या निम्म्यावर आलेल्या मी पाहिल्या आहेत.

आता सफाई, कारण इथे तुमची मोठी चूक होते आहे आणि ती जवळजवळ प्रत्येक घरात होते. फिनाईल बंद करा. काळं फिनाईल आणि जखमेला लावायची, पाण्यात टाकल्यावर दुधाळ होणारी जंतुनाशकं, यांतली फिनॉलच्या जातीची द्रव्यं मांजराच्या यकृताला निकामी करता येत नाहीत. तो ओल्या फरशीवरून चालतो, पाय चाटतो आणि विष पोटात जातं. कोपऱ्यात डांबरगोळ्या ठेवणंही तसंच घातक. ब्लीचिंग पावडर लघवीवर पडली की तिखट वाफ उठते, ती तुमच्या लेकीलाही नको आणि मांजरालाही. शिवाय यांतल्या कशानंही मांजराच्या नाकाला वास जात नाही. आपल्याला फिनाईलचा येतो, त्याला त्याखालचा स्वतःचा येतो. जागेवरचा आपला वास पुसट झाला की तो पुन्हा ठळक करायला येतो.

फरशीवर आणि कूलरच्या पत्र्यावर हे करा. आधी कोरड्या फडक्यानं टिपून घ्या. मग कपडे धुण्याची पावडर घ्या, पण पुडक्यावर एन्झाइम लिहिलेलं असेल ती. कोमट पाण्यात कालवून त्या जागेवर लावा, दहा-पंधरा मिनिटं राहू द्या आणि साध्या पाण्यानं दोनदा पुसा. लघवीतला युरिक आम्लाचा भाग नुसत्या पाण्यानं निघत नाही, म्हणून पावसाळी दमट हवेत जुना वास पुन्हा उठतो. शेणानं सारवलेली जमीन असेल तर पुसून काही होत नाही. मातीनं लघवी आत ओढलेली असते. तिथे बोटभर थर खुरप्यानं खरडून बाहेर टाका, जागा ऊन लागेल अशी दोन दिवस उघडी राहू द्या, मग नव्यानं सारवा. तागाच्या पोत्यांतला वास जात नाही. दाणे दुसऱ्या पोत्यात घ्या आणि जुनं पोतं शेतात न्या.

सफाई झाली की एक बिनपैशाचा उपाय. बोका तुमच्या पायाला, दाराला गाल घासतो ना? गालाजवळच्या ग्रंथींतून निघणारा वास त्याच्यासाठी "इथे सगळं ठीक आहे" अशी खूण असतो. फ्रान्समध्ये पात्रिक पाजा यांनी या वासाचे घटक वेगळे काढले आणि त्यावरून तयार केलेला प्लगला लावायचा डबीतला वास आता ऑनलाइन मिळतो. तो महाग आहे, आणि बंद खोलीसाठी बनवलेला आहे. कौलारू किंवा उघड्या सपरीच्या घरात तो वाऱ्यावर जातो, म्हणून तुम्हाला मी तो घ्यायला सांगणार नाही. त्याऐवजी स्वच्छ सुती फडकं घ्या, बोका खुशीत असताना त्याच्या गालांवरून, हनुवटीवरून हलकेच फिरवा आणि धुतलेल्या चौकटीवर त्याच्या नाकाच्या उंचीवर घासा. रोज एकदा, महिनाभर. जिथे त्याच्या गालाचा वास असतो तिथे मांजर सहसा पिचकारी मारत नाही. त्याच जागी त्याची खायची ताटलीही ठेवून पाहा.

आता भाटीकडे येऊ. तिच्याबाबत मी तुम्हालाच एक प्रश्न विचारतो: बांधकाम सुरू होण्याआधी ती कुठे जायची? माझा अंदाज, मागच्या खोल्यांच्या पाठीमागे, जिथे आता गिट्टी, रेती आणि मिस्तरी लोक आहेत. मांजराचे पूर्वज वाळवंटी भागातले रानमांजर. कोरड्या, सुट्या, उकरता येणाऱ्या मातीत लघवी करून झाकायची सवय तिथून आलेली आहे. आपली काळी माती त्या दृष्टीनं वाईट. उन्हाळ्यात दगडासारखी, भेगाळलेली. पावसाळ्यात पायाला गोळे लागतील अशी चिकट. म्हणून आपल्याकडची मांजरं कुटाराच्या गंजीत, उकिरड्यावर, चुलीजवळच्या राखेत जागा शोधतात. तुमच्या भाटीची जागा बांधकामात गेली, मिस्तऱ्यांचा आवाज दिवसभर, आणि त्याच वेळी समोरच्या खोलीत मऊ, सुटा, कोरडा, झाकता येणारा कापसाचा ढीग येऊन बसला. तिनं निवडलेली जागा मांजराच्या नजरेनं घरातली सगळ्यात चांगली जागा आहे. म्हणून मारण्यात अर्थ नाही. मारल्यानं ती तुमच्यासमोर बसायची थांबेल आणि रात्री पोत्यांमागे बसायला लागेल, मग तुम्हाला सापडणारही नाही.

तिला दुसरी चांगली जागा द्या. मिस्तरीकाम सुरूच आहे, तर एक प्लास्टिकचं रुंद टब किंवा जुनं घमेलं घ्या. ती नाकापासून शेपटीच्या मुळापर्यंत जेवढी लांब आहे त्याच्या दीडपट तरी असावं. त्यात चाळलेली बारीक कोरडी रेती चार बोटं भरा. चुना-सिमेंट मिसळलेली घेऊ नका. वरून कापसाची एक मूठ टाका, कारण तिला त्याची सवय लागली आहे. आठवड्याआठवड्यानं कापूस कमी करत जा. घमेलं खाण्याच्या जागेपासून दूर, शांत कोपऱ्यात, पण जिथून दोन बाजूंना निघता येईल असं ठेवा. मांजर कोंडीत पकडलं जाईल अशा जागी बसत नाही. दोन मांजरं आहेत तर तीन घमेली ठेवा, वेगवेगळ्या ठिकाणी. एकाशेजारी एक ठेवलेली तीन घमेली मांजराच्या हिशेबी एकच. रोज सकाळ-संध्याकाळ घाण काढा, आठवड्यानं रेती बदला, घमेलं गरम पाण्यानं धुवा. आणि पुढच्या वर्षी मृगाआधी दोन पोती कोरडी रेती सपरीत भरून ठेवा, म्हणजे पावसाळ्यात अंगणात चिखल झाला की ती पुन्हा घरात जागा शोधणार नाही.

कापसाचा ढीग मात्र आजच झाका. ताडपत्री टाकून कडेनं विटा ठेवा. भिजलेला, पिवळा पडलेला कापूस वेगळा काढून टाका, चांगल्यात मिसळू नका. सीसीआयच्या (भारतीय कापूस महामंडळाच्या) खरेदीत ८ टक्क्यांपर्यंत ओलावा चालतो, त्यावर १२ टक्क्यांपर्यंत भाव कापतात. मूठभर डागी कापसापायी अख्ख्या गाडीचा दर्जा खाली येणं कोणाला परवडतं? भाव वाढेल म्हणून तुम्ही तो राखला आहे हे मला माहीत आहे. जमलं तर निदान बाळ येण्याआधी त्या खोलीतून तो हलवा.

पण भाटीचं नुसतं जागेचं नसेल तर? हे तुम्हालाच पाहायचं आहे. ती दिवसातून किती वेळा बसते? निरोगी मांजर दोन ते चार वेळा जातं. आठ-दहा वेळा बसून थोडं थोडं करत असेल, बसल्या बसल्या कण्हत असेल, कधी फरशीवर गार जागी बसत असेल, तर मूत्राशय सुजलं आहे. जुन्या पांढऱ्या फडक्यावर लघवी टिपून पाहा. गुलाबी डाग दिसला तर रक्त जातं आहे.

तरुण मांजरांत या सुजेचं सगळ्यात मोठं कारण जंतू नसतात. लघवीच्या त्रासानं दवाखान्यात येणाऱ्या मांजरांपैकी निम्म्याहून अधिकांत ना जंतू सापडतात ना खडा. सूज भीतीनं आणि ताणानं आलेली असते. अमेरिकेत ओहायो स्टेट विद्यापीठातल्या टोनी बफिंग्टन यांनी या आजारावर आयुष्य घातलं. त्यांनी दाखवून दिलं की अशा मांजरांत मेंदूपासून मूत्राशयापर्यंतच्या नसा सतत ताणाखाली असतात, मूत्राशयाचं आतलं अस्तर दुबळं होतं आणि त्यांच्या भोवतालची परिस्थिती सुधारली की लघवीचा त्रासही कमी होतो. हे मी मुद्दाम सांगतो, कारण आपल्याकडे अशा मांजराला सरसकट अँटिबायोटिकचं इंजेक्शन देतात. त्रास साधारण आठवड्याभरात आपोआप ओसरतो, श्रेय इंजेक्शनला मिळतं, आणि घरात पुढची गडबड झाली की पुन्हा तेच. लघवी तपासल्याशिवाय अँटिबायोटिक नको, असं तुमच्या डॉक्टरांना सांगायला संकोचू नका. दुखतं आहे म्हणून घरातली तापाची पॅरासिटामॉलची गोळी मात्र चुकूनही देऊ नका. माणसाच्या अर्ध्या गोळीनंही मांजर मरतं.

याला औषधाइतकंच पाणी उपयोगी. वाळवंटी जनावराचा वारसा म्हणून मांजराला तहान कमी, लघवी दाट. आपल्या उन्हाळ्यात पारा ४५ च्या वर जातो तेव्हा ती आणखी दाट होते, आणि दाट लघवी सुजलेल्या अस्तराला झोंबते. चार किलोच्या मांजराच्या पोटात दिवसाकाठी खाण्यातून आणि पिण्यातून मिळून दोनशे मिलिलिटरच्या आसपास पाणी जायला हवं. पाण्याची पसरट भांडी घरात तीन-चार ठिकाणी ठेवा, खाण्याच्या ताटलीपासून लांब. मातीच्या पसरट भांड्यातलं गार पाणी बऱ्याच मांजरांना आवडतं. दूध-पोळी, दूध-भातावर मांजर जगवायची आपली पद्धत आहे, पण मांजर मांसाहारी प्राणी. मोठ्या मांजराला दूध नीट पचतही नाही. उकडलेलं अंडं, कोंबडीचे तुकडे, नदीतली छोटी मासळी काटे काढून, आणि ते उकडलेलं पाणी त्यातच, असं दिलं तर पाणी आपोआप पोटात जातं. मीठ-तिखट, कांदा-लसूण घालायच्या आधी त्यांचा वाटा काढा.

आता तुमच्या घरात दोन-तीन महिन्यांत काय काय झालं ते एकामागून एक मोजा. खोल्या पाडल्या, अनोळखी माणसं रोज येतात, लेक आली, तिच्यासोबत नवे वास आले, तिची खोली मांजरांना बंद झाली, समोरच्या खोलीत कापूस भरला, मांजरांना दिवसभर हाड-हूड सुरू झालं. आपल्याकडे म्हणतात, कुत्रं धन्याचं आणि मांजर घराचं. लोक हे मांजराला बेइमान ठरवायला म्हणतात, पण मला त्यात दुसरंच खरं दिसतं. कुत्र्याला धनी सोबत असला की नवं गावही चालतं. मांजराचा आधार म्हणजे ती ओळखीची चौकट, तो माळा, ती उन्हाची जागा. तुमच्या मांजरांचं घर त्यांच्या डोळ्यांदेखत अर्धं पाडलं गेलं आहे, आणि ते का, हे त्यांना सांगायला कोणाला येत नाही.

म्हणून त्यांना निदान एक कोपरा न बदलणारा द्या. माळ्यावर किंवा उंच फळीवर एक टोपलं, त्यात तुमचं जुनं न धुतलेलं लुगडं. ती तिथे असताना कोणी उचलायचं नाही, मुलांनीही नाही. मांजराला भीती वाटली की ते वर जातं. वर जायला जागा नसेल तर खाली पिचकारी मारतं. खाणं ठरलेल्या वेळी, दोघांना वेगळ्या ताटल्यांत, एकमेकांकडे पाठ होईल असं. मिस्तरी यायच्या आधी दोघांना खायला घालून शांत खोलीत ठेवा, संध्याकाळी सोडा. आणि दिवसातून पाच-दहा मिनिटं सुतळीला कापसाचा बोळा बांधून त्यांना खेळवा. हे वाचताना क्षुल्लक वाटेल, पण शिकारीसारखं धावून झालं की मांजराचा ताण खरंच उतरतो.

लेकीबद्दल. कोणीतरी तिला सांगितलंच असेल की मांजर घरात असलं की पोटातल्या बाळाला धोका. त्यात एक खरा भाग आहे: टॉक्सोप्लाझ्मा नावाचा परजीवी मांजराच्या विष्ठेतून पसरू शकतो. पण विष्ठेतली त्याची अंडी ताजी असताना लागण करत नाहीत, त्यांना पिकायला एक ते पाच दिवस लागतात. म्हणून घमेलं रोज साफ झालं आणि ते लेकीनं केलं नाही, तर घरातल्या मांजराचा धोका फार कमी उरतो. तिनं कच्चं मांस हाताळू नये, भाजी नीट धुवावी, बागेतल्या मातीत हात घातले तर साबणानं धुवावेत. माणसाला लागण बहुतेक वेळा अशा वाटांनी होते. काही शंका राहिली तर तिच्या डॉक्टरांना विचारा. त्यासाठी मांजर सोडायची गरज नाही.

पाळणा आत्ताच काढून बांधा. त्यावर जाळी किंवा कापड घट्ट लावा म्हणजे बोका त्यात झोपायची सवय लावून घेणार नाही, पण त्याला तो हुंगू द्या. बाळ दवाखान्यात असतानाच त्याचं एखादं दुपटं घरी आणून मांजरांच्या टोपल्याजवळ ठेवा. बाळ आल्यावर पहिले काही आठवडे बाळाच्या खोलीचं दार बंद आणि मांजरांचा माळा उघडा, एवढं पाळलं तरी पुरे.

आता सासूबाईंच्या उपायाबद्दल, आणि हे त्यांच्याबद्दल पूर्ण आदर ठेवून. नदीपलीकडे सोडलेला बोका बहुतेक वेळा घराकडे निघतो आणि वाटेत कुत्र्यांच्या किंवा ट्रकच्या तावडीत सापडतो. जगलाच तर दुसऱ्याच्या अंगणात पिचकाऱ्या मारतो. आणि तुमच्या घरची जागा रिकामी राहत नाही. जो हिंडता बोका रात्री येतो आहे तो आठ दिवसांत सपरीत येऊन राहील, आणि त्याचंही ऑपरेशन झालेलं नसेल. वर, पाळलेलं जनावर उपाशी मरेल असं सोडून देणं १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यानं गुन्हा आहे. सासूबाईंना कायदा सांगू नका, बोक्याची जागा रिकामी राहणार नाही एवढं सांगा. गावात आयुष्य काढलेल्या माणसाला ते लगेच पटतं.

ऑपरेशन, वाट बंद करणं, सफाई आणि घमेली, एवढं सगळं करून दोन महिने झाले आणि तरी पिचकाऱ्या सुरूच राहिल्या, तर औषधं आहेत. मन शांत करणारी फ्लुऑक्सेटीनसारखी औषधं मांजरांना देता येतात. त्यांचा गुण यायला चार-सहा आठवडे लागतात, मात्रा वजनावर ठरते, आणि मनानं एकदम बंद करता येत नाहीत. ती मांजर तपासून, रक्त पाहून डॉक्टरांनीच द्यायची. मला वाटतं तुमच्या बोक्याला त्यांची गरज पडणार नाही.

रोजची नोंद मात्र ठेवा. भिंतीवरच्या कॅलेंडरवर त्या तारखेच्या चौकोनात लिहा: बोका की भाटी, उभ्यानं की बसून, कुठे, आणि त्या दिवशी घरात काय झालं होतं. "स्लॅब भरला", "पाहुणे आले", "रात्री बोके भांडले". तीन आठवड्यांनी ते पान घेऊन दवाखान्यात गेलात तर डॉक्टरांचा अर्धा तास वाचेल.

ऑपरेशनला नेताना बोक्याला चुंगडीत घालू नका. जाळीचा पिंजरा किंवा झाकणाचं टोपलं घ्या, आत माळ्यावरचं तेच लुगडं, आणि वरून ओलसर पातळ कापड. टोपलं चार दिवस आधीच खाली मांडून त्यातच त्याला खायला घाला, म्हणजे निघायच्या सकाळी तो आपणहून आत बसेल. आदल्या रात्रीपासून खाणं बंद, पाणी डॉक्टर सांगतील तोवर चालू. परत आल्यावर त्याच्या अंगाला दवाखान्याचा वास असेल आणि भाटी त्याच्यावर फिस्कारेल. घाबरू नका. रात्रभर दोघांना वेगवेगळ्या खोल्यांत ठेवा, गालावरून फिरवलेलं फडकं दोघांच्या अंगावरून आलटून पालटून फिरवा, आणि सकाळी दोघांना दाराच्या दोन बाजूंना ताटली देऊन मगच दार उघडा.